एल५-एस१ची गादी सरकलीय, ऑपरेशन करावंच लागेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४१. तीन आठवडे डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत कळ जातेय. एमआरआयमध्ये एल५-एस१ची, म्हणजे कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं हाड यांच्यामधली, गादी सरकून नस दबल्याचं आलंय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय, घरचे झोपून राहा म्हणतात, गावचे हाडवैद्य एका झटक्यात गादी बसवून देतो म्हणतात. आणि कामाला रोज स्कूटरवर जावं लागतं.

मी डॉक्टर नाही. चार वर्षांपूर्वी ह्याच गादीपायी अडीच महिने काढलेत, तेव्हा जे समजून घेतलं ते सांगतो.

पण आधी स्वतःला चार प्रश्न विचारा. लघवी अडते किंवा नकळत होते का? शौचावरचा ताबा गेलाय का? जांघेत, शौचाच्या जागेभोवती बधिर वाटतं का? दोन्ही पायांतली ताकद कमी होतेय का? एकाचंही उत्तर हो असेल तर हे वाचणं सोडा आणि आत्ता, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. मणक्याच्या तळाशी असलेला नसांचा अख्खा जुडगा दबला की असं होतं. त्यात ऑपरेशन तासांच्या हिशोबानं करावं लागतं, उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं. पाऊल उचलता न येणं, चालताना चप्पल घासत जाणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं.

यातलं काही नसेल तर तुमच्या हातात वेळ आहे.

पायात उतरणाऱ्या ह्या कळेला सायटिका म्हणतात, पण ते खरं तर लक्षणाचं नाव आहे. आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड, रुग्णाची चाल तशी होते म्हणून. कमरेच्या खालच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघालेल्या नसा एकत्र येऊन सायटिक नस, शरीरातली सगळ्यात जाड नस, होते आणि कुल्ल्यातून खाली उतरते. दुखणं पोटरीत जाणवतं, पण मूळ बहुतेक वेळा कमरेत असतं. म्हणून पोटरी चोळून फरक पडत नाही. गादीला बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर असतो. कडं फाटलं की गर मागं येऊन नसेच्या मुळाला टेकतो. नुसता दाब पडत नाही, त्या गरामुळे नसेला सूजही येते. शिंकताना, खोकताना कळ मारते ती बहुधा ह्याच प्रकारात. साठीनंतर मात्र कारण वेगळं असू शकतं. नसांची वाट अरुंद झालेली असते, थोडं चाललं की पाय भरून येतात आणि वाकून बसलं की बरं वाटतं.

रिपोर्ट बघून मी फार घाबरलो होतो. पुढे कळलं की ज्यांना काहीही दुखत नाही अशा चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते. म्हणून रिपोर्टपेक्षा तपासणी महत्त्वाची. माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला आधी टाचांवर, मग चवड्यांवर चालायला लावलं. डाव्या चवड्यावर मला उभंच राहता येईना. एल५-एस१मध्ये सहसा जी नस दबते, तिचीच ती खूण.

बाहेर आलेला गर शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, मोठा तुकडा तर बऱ्याचदा जास्तच आटतो. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ आराम पडतो. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेले साधारण चार आठवड्यांत बरे झाले, थांबलेल्यांना बारा आठवडे लागले, पण वर्षाअखेर दोन्हीकडचे सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावं लागलं, हेही ध्यानात ठेवा. ऑपरेशन वाईट नाही. पण तीन आठवड्यांत, पायात ताकद असताना, घाई कशासाठी, हे त्या डॉक्टरांना विचारा आणि दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घ्या.

झोपून राहू नका. मी आठ दिवस पडून काढले आणि कंबर आणखी आखडली. दहा-दहा मिनिटं सपाटीवर चाला, दिवसातून चार-पाच वेळा. सकाळी उठल्याउठल्या वाकू नका, रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते. उकिडवं बसणं, वाकून फरशी पुसणं, भरलेली बादली उचलणं काही आठवडे बंद. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. मला सगळ्यात मोठा दिलासा तिनं दिला.

व्यायाम मोबाईलवर बघून करू नका. मला पालथं झोपून कोपरांवर उठायला सांगितलं, तेव्हा पोटरीतली कळ वर सरकून कुल्ल्यात आली आणि कंबर जास्त दुखू लागली. मी घाबरलो. ताई म्हणाल्या, कळ वर सरकतेय हे चांगलं आहे. ज्या व्यायामानं ती खाली पावलाकडे जाईल, तो लगेच थांबवायचा.

हाडवैद्यांना नम्रपणे नाही म्हणा. फाटलेली गादी झटक्यानं आत बसत नाही, उलट आणखी गर बाहेर येऊ शकतो. पायातल्या मुंग्यांसाठी प्रिगाबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध दिलं असेल तर त्याचा उपयोग होतोय का हे डॉक्टरांशी बोला, कारण २०१७च्या एका चाचणीत सायटिकासाठी त्याचा फायदा दिसला नव्हता. मनानं एकदम बंद मात्र करू नका. असह्य कळ असेल तर मणक्याजवळच्या स्टिरॉइड इंजेक्शननं काहींना थोड्या काळापुरता आराम पडतो.

राहिली स्कूटर. मी सहा आठवडे बसनं, शक्यतो उभ्यानं गेलो. पुन्हा सुरू केली तेव्हा आधी घराभोवती एक फेरी मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी काय म्हणते ते पाहिलं. ती शांत होती, मग अंतर वाढवलं. मागच्या खिशात पाकीट मात्र तेव्हापासून ठेवत नाही.