खोकला कोणत्या दिवशी सुरू झाला?

दसरा होऊन आठवडा उलटला होता. समोरच्या खुर्चीवर बसलेली आई तिशीतली, एका शाळेत शिक्षिका. बोलायच्या आधी तिनं कापडी थैलीतून औषधाच्या बाटल्या काढल्या आणि माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. सात होत्या. दोन रिकाम्या, तीन अर्ध्या, दोन न फोडलेल्या. न फोडलेल्या का, तेही तिनंच सांगितलं. छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या भेसळीच्या औषधानं किडनी निकामी होऊन गेली, त्यांतली कितीतरी उपचारासाठी नागपुरातच आणली होती. ऑक्टोबर 2025 मधली ही बातमी वाचल्यापासून तिच्या घरात एकाही बाटलीचं झाकण उघडलं नव्हतं.

"औषध द्यायची भीती वाटते मॅडम, आणि नाही दिलं तर रात्रभर तो खोकलून राहतो. कारणच सापडत नाही. नेमकं झालंय तरी काय त्याला?"

मुलगा सव्वातीन वर्षांचा. घरात त्याला बाबू म्हणतात, आपणही इथं तेच म्हणू. खोकला सुरू होऊन सात आठवडे होत आले होते. तिला माझ्याकडे पाठवलं होतं ते मात्र बाबूसाठी नाही, तिच्यासाठी. झोप उडाली होती, वर्गात शिकवताना रडू यायचं, घरात शब्दाला शब्द वाढायचा. "हिला टेन्शन झालंय," असं नवऱ्याचं म्हणणं.

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, हे मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगते. लेकराच्या छातीत काय चाललंय ते ओळखणं माझं काम नव्हे. पण डॉक्टरांपुढे जे सांगायला हवं, ते बरेचदा घरातल्या चार माणसांच्या मनात विखुरलेलं असतं. ते गोळा करायला मी मदत करू शकते.

त्या घरात कारणं भरपूर होती, आणि प्रत्येक कारणाच्या टोकाला आईच उभी होती. नवरा म्हणायचा, तू रात्रभर कूलर चालू ठेवतेस. नणंद फोनवर म्हणायची, दही बंद कर, संत्री बंद कर. शेजारीण म्हणायची, नोकरीच्या बायांच्या लेकरांचं असंच होतं. सासूबाई काहीच म्हणायच्या नाहीत. त्या रोज रात्री तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून नातवाची छाती शेकायच्या, हळदीचं दूध करायच्या, दोनदोनदा उठून त्याच्यावर पांघरूण घालायच्या. सुनेला त्यातही टोमणाच दिसायचा. "म्हणजे मी काही करतच नाही, असंच ना?" तिनं मला विचारलं.

मी बाटल्या बाजूला सारल्या नाहीत. आम्ही दोघींनी मिळून त्यांची लेबलं वाचली. दोन बाटल्यांतलं औषध सारखंच निघालं, फक्त नाव वेगळं. एकीवर बारीक अक्षरांत छापलं होतं की 4 वर्षांखालील मुलांना देऊ नये. सर्दीच्या त्या विशिष्ट मिश्रणावर असा इशारा छापण्याचा आदेश औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्येच काढला आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही कळवलं की 2 वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं लिहूच नयेत, आणि 5 वर्षांखाली ती साधारणपणे सुचवली जात नाहीत. तिची भीती खरी होती, त्याला वेडेपणा म्हणायची कुणाची ताकद नव्हती. माझं इतकंच म्हणणं होतं की बाटली बंद ठेवून आपण थांबलो तर ते अर्धंच काम होईल. खोकला हे लक्षण आहे. सिरप फार तर ते दाबेल, मूळ कारण मात्र तिथंच राहील.

मग मी विचारत गेले, ती सांगत गेली. खोकला ओला की कोरडा? आधी कोरडा, आता घरघर. पहाटे जास्त येतो का, धावल्यावर, हसल्यावर? दम्याचा खोकला तसा असतो, आणि घरात कुणाला दमा किंवा अंगावर खाज-चट्टे असतील तर शंका वाढते. इथं तसं काही नव्हतं. तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो? नाही. घरात कुणी सिगारेट ओढतं, डासांची कॉइल लागते? कॉइल लागायची, तिनं त्याच रात्रीपासून बंद केली. घरात किंवा शेजारी कुणाचा जुना खोकला, टीबीची औषधं? दोन आठवड्यांवर खोकला किंवा ताप गेला, वजन वाढत नसलं, की लहान मुलात हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. बाबूच्या डॉक्टरांनी ती शंका आधीच तपासून बाजूला ठेवली होती. दोनदा अँटिबायोटिक दिलं होतं. दोन्ही वेळा चार-पाच दिवस बरं वाटलं आणि खोकला परत आला. छातीचा एक्स-रे काढला होता, तो ठीक होता.

झोपेत खोकतो का, हेही मी विचारलं. कारण माझ्याकडे डॉक्टर जे खोकले पाठवतात ते वेगळे असतात. मागच्या वर्षी नऊ वर्षांची एक मुलगी आली होती. दिवसभर भोंग्यासारखा आवाज करत खोकायची आणि झोप लागली की एकदम शांत. सगळ्या तपासण्या झाल्यावर तो सवयीचा खोकला ठरला, आणि थोड्या सरावानं गेला. पण झोपेतून उठवणारा खोकला मनाचा समजून सोडून देऊ नये, आणि तीन वर्षांच्या लेकराच्या बाबतीत तर मुळीच नाही. "लक्ष वेधण्यासाठी करतो तो," हे वाक्य बाबूबद्दलही कुणीतरी बोलून गेलं होतं. बाबू झोपेतही खोकत होता.

शेवटी मी विचारलं, "पहिला खोकला कोणत्या दिवशी आला?"

ती अडखळली. "पोळ्याच्या आसपास."

"आदल्या दिवशी सर्दी होती? नाक वाहत होतं? ताप?"

तिनं बराच विचार केला. "नाही. सर्दी नव्हतीच. अचानकच सुरू झाला."

हे अचानक माझ्या मनात अडकून राहिलं. सर्दीतून आलेल्या खोकल्याला आगापिछा असतो. नाक गळतं, अंग गरम होतं, मग खोकला. ज्याची सुरुवात एका घडीवर बोट ठेवून दाखवता येते, त्या खोकल्याची गोष्ट निराळी असते. मी तिला सांगितलं, दोनच दिवसांनी पुन्हा ये, आणि सासूबाईंना घेऊन ये. दरम्यान श्वास लागला, ओठ निळसर दिसले, छाती आत ओढली जाऊ लागली, तर माझी वाट न पाहता थेट दवाखाना गाठ.

सासूबाई आल्या त्या पदर डोक्यावरून घट्ट ओढून, पर्स नव्हे तर एक छोटा बटवा मुठीत धरून. त्यांना वाटलं होतं इथं पंचायत बसणार. मी सुनेला बाहेर बाबूजवळ बसायला सांगितलं. खोकल्याबद्दल काही विचारलं नाही. म्हटलं, "आजी, तान्ह्या पोळ्याला नातवाला बैल घेतला होता का?"

त्यांचा चेहरा उजळला. लाकडी बैल, चाकांचा, शिंगांना बेगड त्यांनी स्वतः लावलेली. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान लेकरं सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात, घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, कुठं पैसे, कुठं खाऊ. सूनबाई घरात पाहुण्यांचं बघत होती, बाबूला मैदानावर आजींनीच नेलं होतं. किती घरं फिरलो, कुणी काय दिलं, त्या सांगत गेल्या. आणि सांगता सांगता थांबल्या. बटव्याची दोरी बोटाला गुंडाळायला लागल्या, सोडायला लागल्या. मी काही बोलले नाही.

"ठसका लागला होता जी त्याले," त्या अखेर म्हणाल्या. "मूठभर दाणे होते हातात. बैल ओढत पळून राहिला होता, हसून राहिला होता. एकदम खोकला, तोंड लालबुंद. म्या पाठीवर मारलं, पाणी पाजलं. थांबला मंग. खेळाले लागला. मले वाटलं गेला दाणा पोटात."

"घरी सांगितलं नाही?"

"कसं सांगू? आधीच सून म्हनते पोराले काही चारू नका. मंग दोन दिवस काहीच नव्हतं त्याले. खोकला आला तं डॉक्टर म्हने वायरल हाय. म्या म्हटलं, असंन."

सात आठवडे त्या रोज ओव्याची पुरचुंडी का गरम करत होत्या, ते मला तेव्हा कळलं.

शेंगदाणा श्वासनळीत गेला की पहिला जोराचा ठसका येतो, आणि मग बरेचदा सगळं शांत होतं. एक दिवस, दोन दिवस, कधी आणखी जास्त. घरच्यांना वाटतं टळलं. दाणा मात्र एका फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीत अडकून असतो, बरेचदा उजव्या, कारण ती नळी जास्त सरळ आणि रुंद असते. तिथं तो ओलाव्यानं फुगतो, त्यातल्या तेलानं आतलं अस्तर सुजतं, मागे कफ साचतो, जंतुसंसर्ग होतो. अँटिबायोटिकनं संसर्ग उतरतो, दाणा तसाच राहतो, म्हणून खोकला परत येतो. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. त्यामुळे एक्स-रे ठीक आला एवढ्यावरून काही अडकलं नाही असं म्हणता येत नाही. डॉक्टरांना कुणी ठसक्याची गोष्ट सांगितलीच नव्हती, त्यांनी तरी कुठून ओळखावं?

सुनेला मी आत बोलावलं, पण आधी आजींना विचारलं, "मी सांगू की तुम्ही सांगता?" त्या म्हणाल्या, "मीच सांगतो." मी सुनेला एवढंच म्हटलं, आता आई जे सांगतील ते ऐकल्यावर पहिला फोन डॉक्टरांना करायचा आहे, बाकी सगळं नंतर. तिनं ऐकलं. तिच्या जबड्यावरून दिसत होतं की काय काय ओठांवर आलं होतं. पण तिनं पर्समधून फोन काढला.

चिठ्ठीवर आम्ही तिघींनी मिळून एकच ओळ लिहिली: तान्ह्या पोळ्याला शेंगदाणे खाताना पळत असता जोराचा ठसका, दोन दिवसांनी खोकला सुरू, आधी सर्दी-ताप नाही. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी तपासलं. उजव्या बाजूला हवा कमी जात होती. पुन्हा एक्स-रे काढला, त्यात श्वास सोडल्यावरही उजवं फुप्फुस फुगलेलंच दिसलं. सोमवारी मोठ्या दवाखान्यात भूल देऊन दुर्बिणीनं श्वासनळी तपासली. अर्धा शेंगदाणा निघाला, फुगून मऊ पडलेला.

मला इथं मुद्दाम थोडं थांबायचं आहे, कारण अशी घरं मी बरीच पाहते. लेकराचं काही बिघडलं की आपल्याकडे आधी "कुणामुळे" हे ठरतं. आणि ज्या घरात "कुणामुळे"चा निकाल लागायची भीती असते, तिथं माणसं गप्प बसतात. आजी खोटं बोलल्या नव्हत्या, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि सांगायला जागा नव्हती. त्या दोन वाक्यांसाठी बाबू सात आठवडे खोकला. म्हणून जी आई माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येते, तिला मी सांगते की घरात प्रत्येकाला वेगळं, चहा पिता पिता, एकच विचार: त्या दिवशी काय काय झालं? आजी, मोलकरीण, पाळणाघरातली ताई, मोठं भावंड. मोठं भावंड तर हमखास, कारण त्याच्या हातचाच फुटाणा गेलेला असतो. कुणी काही सांगितलं तर कपाळाला आठी घालू नका, नाहीतर पुढचं वाक्य येणार नाही.

आणि ठसक्याच्या वेळचं तेवढं लक्षात असू द्या. लेकरू जोरात खोकू शकतंय तर त्याला खोकू द्या, तोंडात आंधळेपणानं बोट घालू नका, पाणी पाजू नका. आवाज फुटत नाही, श्वास घेता येत नाही असं झालं तर पुढे वाकवून खांद्याच्या दोन पात्यांमध्ये तळहातानं पाच जोरदार थापा द्या. वर्षावरच्या मुलाला तेवढ्यानं सुटलं नाही तर मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाचदा आत-वर दाबा. वर्षाखालच्या बाळाचं पोट कधी दाबू नये, पाठीच्या थापांनंतर त्याच्या छातीच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं दाबायचं असतं. कुणाला तरी लगेच 108 ला फोन करायला लावा. ठसका थांबला तरी लेकराला डॉक्टरांना दाखवा आणि दाण्याचं नाव घेऊन सांगा.

भाऊबीज झाल्यावर तिघं पुन्हा आली. खोकला आठवडाभरात ओसरला होता. आजींनी मात्र दवाखान्यातून आल्यापासून बाबूला हातानं घास भरवला नव्हता. सुनेनं वाढलं तरी त्या ताटापासून दूर बसायच्या. सून तेच सांगायला आली होती, झोपेबद्दल ती बोललीच नाही. आजींसमोर ती म्हणाली, "मलाही राग आला होता आई, खूप आला होता. पण तुम्ही सांगितलं नसतं तर?" आजींनी पदर डोळ्यांना लावला. बाबू माझ्या टेबलाच्या पायाला बैल बांधत होता.

मग आजींनी मला विचारलं, "मॅडम, पुढच्या तान्ह्या पोळ्याले बोजाऱ्यात लेकरायले द्याव काय मंग?"

उत्तर सुनेनं दिलं. "केळी वाटू आई. तुम्ही आणि मी दोघी जाऊ. आणि दाण्याचा कूट करून लाडू करा ना, तुमच्या हातचे. तो खाईल."