भिंत तशीच आहे, मग डिपॉझिट कशाचं कापलं?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाड्यात मी दोन वर्षं भाड्यानं राहिले. हॉलच्या एका भिंतीवर गोंडी शैलीत झाड, हरणं आणि मोर रंगवले. त्याआधी पेन्सिलीनं काढलेल्या कच्च्या चित्राचा फोटो घरमालकांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. ‘चालेल, करा’ असं त्यांचं उत्तर आलं. आता घर सोडल्यावर ‘लेखी परवानगी नव्हती’ म्हणत ४५ हजारांच्या डिपॉझिटमधून सगळ्या फ्लॅटच्या रंगकामाचे ३२ हजार कापले. जास्त बोललात तर पोलिसांत जाईन, म्हणतात. आणि त्याच भिंतीचा फोटो टाकून फ्लॅट भाड्यानं द्यायची जाहिरात केली आहे. पहिल्या वर्षीचा करार नोंदणीकृत होता, दुसऱ्या वर्षी फक्त नोटरी केली. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी त्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा. ती उद्या काढली जाईल आणि तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे.

करार मोडला म्हणून पैसे कापायचे, तर खरंच नुकसान झालेलं असावं लागतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. नुकसानच नसेल तर भरपाई नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात स्पष्ट केलं. तुमचे घरमालक ज्या चित्रानं भिंत खराब झाली म्हणतात, तेच चित्र दाखवून नवा भाडेकरू शोधत आहेत. मग रंगकामाचा खर्च झाला कुठे?

तुमची बाजू कुठे लंगडी आहे, तेही सांगतो. ‘लेखी परवानगीशिवाय बदल करू नये’ असं कलम करारात असेल, तर तोंडी होकारावर भिस्त ठेवता आली नसती. पण तुमच्याकडे मेसेज आहे, तोही चित्र काढण्याआधीचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० इलेक्ट्रॉनिक मजकुराला मान्यता देतो. तो कोर्टात दाखल करायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे प्रकरण मिटेपर्यंत तो फोन विकू नका, चॅट पुसू नका.

दुसरा मुद्दा नोंदणीचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं ओझं मालकावर येतं. नुसत्या नोटरीनं भागत नाही. नागपुरात घरोघरी हीच चूक होते, आणि पुढे तीच मालकाला नडते.

पोलिसांची भीती मनातून काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मधल्या ‘आगळीक’ म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची नासधूस करण्याच्या गुन्ह्यासाठी नुकसान करण्याचा हेतू किंवा त्याची जाणीव लागते. मालकाला विचारून रंगवलेल्या चित्रात ती कुठून येणार?

आता वागायचं कसं. दोन पेंटरांकडून त्या एकाच भिंतीचा लेखी अंदाज घ्या. गडद ॲक्रिलिकवर एक हात मारला तर खालचं हरीण डोकावतं, म्हणून प्रायमर आणि दोन हात धरा. मग पोहोच मिळेल अशा स्पीड पोस्टनं नोटीस पाठवा : खरंच भिंत रंगवून बिल दाखवलंत तर तेवढे द्यायची माझी तयारी आहे, बाकीची रक्कम पंधरा दिवसांत परत करा. एवढी तयारी दाखवलीत तर तुमचाच सच्चेपणा दिसेल. इतर खोल्यांमधला फिकटलेला रंग, खिडकीखाली कूलरच्या पाण्याचे ओघळ, ही रोजच्या वापरातली झीज आहे. तिचा हिशेब तुमच्या माथी मारू देऊ नका.

आणि ‘हिशेब पूर्ण मिटला’ अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.

उत्तर आलं नाही तर सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. दाव्याआधीच लोकअदालतीत अर्ज करता येतो. तिथे तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. न जमल्यास दिवाणी न्यायालयात वसुलीचा दावा. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण वाट पाहत बसू नका.

जाहिरातीत तुमचं चित्र वापरलं म्हणून कॉपीराइटचं भांडण काढावं का, असं तुमच्या मनात येईल. भिंत त्यांची असली तरी चित्राचा कॉपीराइट तुमचाच आहे. चित्र काढायला त्यांनी तुम्हाला नेमलं नव्हतं, पैसेही दिले नव्हते. तरी आज तो वाद उकरू नका, असं माझं मत आहे. तक्रार केलीत तर फोटो काढून टाकतील, कदाचित भिंतही घाईघाईनं रंगवतील. तुमचं झाड त्या भिंतीवर जितके दिवस उभं आहे, तितके दिवस ते तुमच्याच बाजूनं साक्ष देतं आहे.