लोगो पेस्ट केला की मागे काळा चौकोन का येतो?

प्रश्न: लालबागला आमचं छोटं डिझाइन-प्रिंटिंगचं दुकान आहे. गणपती जवळ आले की मंडळांचे बॅनर, पावतीपुस्तकं, टी-शर्ट, नुसती झुंबड असते. म्हणून मी विंडोजवर सी शार्पमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिलाय, ब्राउझरमधून जाहिरातदाराचा लोगो कॉपी करायचा आणि थेट बॅनरवर पेस्ट. पण ट्रान्सपरंट लोगो पेस्ट केला की मागे काळाकुट्ट चौकोन येतो, तीच फाइल सेव्ह करून उघडली तर एकदम ओके. काळा रंग शोधून पुसायचा जुगाड केला तर लोगोतली काळी अक्षरंपण गेली. कॉपी करतानाच ट्रान्सपरन्सी उडते का?

उत्तर: ब्राउझरमधून कॉपी करताना सहसा नाही उडत हो, उडते ती तुम्ही उचलताना. क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं तात्पुरतं जिथे राहतं ती जागा) एक चित्र नसतं, एकाच चित्राच्या तीन-चार आवृत्त्या असतात, पीएनजी, डीआयबी (विंडोजचं साधं बिटमॅप रूप), डीआयबी व्ही५ (त्याचंच नवं रूप) वगैरे, आणि तुम्ही बहुतेक गेटइमेज हे फंक्शन वापरताय, जे नेमकी साधी बिटमॅपवाली आवृत्ती हातात देतं.

आता काळाच का, तर ३२ बिटच्या डीआयबीत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, निळा, हिरवा, लाल आणि चौथा. जुन्या ४० बाइटच्या हेडरच्या (चित्राची माहिती देणारा सुरुवातीचा भाग) नियमाप्रमाणे हा चौथा बाइट वापरायचाच नाहीये, त्यामुळे कुणी त्यात अल्फा (पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणारा आकडा, ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक) भरतं, कुणी नुसता ० ठेवतं. ट्रान्सपरंट भागातले रंगपण बहुतेक वेळा ०, ०, ० असतात, चौथ्याकडे दुर्लक्ष केलं की उरतो काळा. आणि चौथ्या बाइटवर डोळे झाकून विश्वास ठेवलात तर उलटी पंचाईत, सगळे चौथे बाइट ० असलेला साधा स्क्रीनशॉट अख्खा गायब!

म्हणून आधी पीएनजी मागा. क्लिपबोर्डचं गेटडेटाऑब्जेक्ट फंक्शन घ्या, 'पीएनजी' नावाचा फॉरमॅट आहे का बघा, असला तर तो मेमरीस्ट्रीम म्हणून मिळतो, त्यातून बिटमॅप बनवा, विषय संपला. फक्त बिटमॅप वापरात आहे तोवर स्ट्रीम बंद करू नका, नाहीतर पुढे कुठेतरी भलताच एरर येईल आणि तुम्ही तो दुसरीकडेच शोधत बसाल.

पीएनजी नसेल तर डीआयबी व्ही५, डॉटनेटमध्ये हा 'फॉरमॅट१७' नावाने येतो. हेडर १२४ बाइटचं, त्यात अल्फाचा मास्क (पिक्सेलमधले कुठले बिट अल्फाचे ते सांगणारा आकडा) असतो. पण इथे एक मेख आहे. समोरच्या प्रोग्रामने नुसता डीआयबी ठेवला असला तरी विंडोज मागणीप्रमाणे त्याचा व्ही५ स्वतःच बनवून देतं, म्हणजे व्ही५ मिळाला म्हणून अल्फा खरा असं अजिबात धरू नका. एनमक्लिपबोर्डफॉरमॅट्स या विंडोजच्या फंक्शनने यादी काढलीत तर प्रोग्रामने स्वतः ठेवलेले फॉरमॅट आधी येतात आणि विंडोजने बनवलेले नंतर, त्यावरून कळतं.

अगदीच डीआयबीवर आलात तर सगळे चौथे बाइट तपासा. सगळे ० असतील तर चित्र अपारदर्शक धरा, कुठे ० कुठे २५५ असं मिश्रण दिसलं तर अल्फा असण्याची शक्यता चांगली. (हाताने वाचताना चित्र उलटं आलं तर घाबरू नका, उंची पॉझिटिव्ह असेल तर ओळी खालून वर लिहिलेल्या असतात.)

एवढं करून कडांना काळपट झालर राहिली तर रंग आधीच अल्फाने गुणलेले असणार. एकाही पिक्सेलचा रंग त्याच्या अल्फापेक्षा मोठा असेल तर ते गुणलेले नाहीत हे नक्की, एकही तसा नसेल तर गुणलेले धरून परत अल्फाने भागून बघा, खात्री मात्र नाही.

आणि काही प्रोग्राम कॉपी करतानाच ट्रान्सपरन्सी टाकून देतात, तिथे तुमचा कोड काहीच करू शकत नाही. मग मंडळाच्या पोरांना सांगा पीएनजी फाइल पाठवा, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून पाठवली की तिची जेपीईजी होते आणि जेपीईजीत ट्रान्सपरन्सी नसतेच.