अ‍ॅडलेड शहर कोणी वसवलं?

आखणी कर्नल विल्यम लाइट यांची. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ब्रिटिश वसाहतीची घोषणा २८ डिसेंबर १८३६ रोजी जवळच्या समुद्रकिनाऱ्यावर, ग्लेनेल्गला झाली. १८३७च्या सुरुवातीला लाइट यांनी टॉरेन्स नदीच्या दोन्ही बाजूंना शहर मोजून आखलं. भोवतीने राखलेला हिरवा पट्टा बऱ्याच अंशी अजून टिकून आहे. माझ्या मते हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम. दक्षिण ऑस्ट्रेलिया ही कैद्यांची वसाहत नव्हती. जमीन विकून आलेल्या पैशातून ब्रिटनहून मजूर आणले गेले.

पण जमीन होती तिथल्या मूळच्या कौर्ना लोकांची! १८३६च्या राजाज्ञेत मूळ रहिवाशांचे हक्क मान्य केले होते, प्रत्यक्षात ते पायदळी तुडवले गेले. १८४०मध्ये दोन जर्मन मिशनऱ्यांनी कौर्ना भाषेचं व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. मुख्यतः त्याच्याच आधाराने कौर्ना लोक आज आपली भाषा पुन्हा शिकताहेत.