ट्रायलचा आरसा

"मॅडम, ही पोरगी स्वतःच्याच प्रेमात पडलीय. हे मानसिक असतं का हो?"

विचारणाऱ्या बाई गडहिंग्लजकडच्या. घरी ब्लाऊज शिवतात. पुढच्या खोलीत दोन मशिनी आणि गिऱ्हाइकांना घालून बघायला भिंतीला टेकवलेला माणूसभर उंचीचा आरसा. भांडणाचं मूळ हाच आरसा. कॉलेजला जायच्या आधी मुलगी त्याच्यासमोर उभी राहते, एकदा अशी वळते, एकदा तशी, फोटो काढते, मग पुन्हा टिकली बदलते. आजी तिला नटमोगरी म्हणते. बाईंनी मोबाईलवर कुठल्याशा रीलमध्ये 'नार्सिसिस्ट', म्हणजे स्वतःवरच भाळलेला माणूस, हा शब्द ऐकला आणि त्यांच्या पोटात गोळा आला.

(माणसं ओळखता येतील असे तपशील बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी तिघांनाही विचारलं आहे.)

मुलगी शेजारीच बसली होती. वय 20, कानात मोठे झुमके, नखांना मरून रंग. आईचं बोलणं तिला नवीन नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. सोबत आलेला धाकटा भाऊ बाहेर बाकावर.

मुलं आरशासमोर किती वेळ घालवतात, हे प्रत्येक आईबापाला मिनिटांत पाठ असतं. सुरुवातीच्या काळात मीही तो आकडा वहीत लिहून घ्यायचे. आता त्यावर फार भिस्त ठेवत नाही. लग्नघरातली करवली दोन तास नटते, म्हणून तिला कुणी माझ्याकडे आणत नाही. मी विचारते ते वेगळंच: आरशापासून बाजूला झाल्यावर काय होतं?

मुलीला विचारलं, "एखाद्या दिवशी लाइटच गेली, केस सरळ करता आले नाहीत, तर?"

"अंबाडा घालते आणि पळते. एसटी थोडीच थांबणार आहे?"

मग तिने आपणहून सांगितलं, की मागच्या पावसाळ्यात आजीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा तीन रात्री तीच सोबतीला होती. गाऊनवर ओढणी घेऊन. तिथे काय केलं, म्हटलं, तर म्हणाली, "आजीची वेणी घालायचे. तिला विस्कटलेलं आवडत नाही. मला नटमोगरी म्हणते, पण डॉक्टर यायच्या आधी पावडर मागते." आई खाली मान घालून हसली.

या मुलीला छानछोकीची आवड आहे. तिला मिरवायचं असतं, आणि मिरवायला चार माणसं लागतात. मैत्रिणीची साडी चांगली नेसली गेली तर हिला तिचाही फोटो काढावासा वाटतो. फीचे पैसे झुमक्यांवर उडवत नाही, मेंदीच्या ऑर्डरी घेऊन स्वतःच्या कमाईतून घेते. मी बाईंना सांगितलं, काळजीचं काही नाही, फार तर गिऱ्हाईक असताना तेवढा आरसा मोकळा ठेव म्हणावं.

खरी आत्ममग्नता मी पाहिली आहे, आणि तिचा नटण्याशी फारसा संबंध नसतो. ग्रीक कथेतला नार्सिसस पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळला आणि तिथून उठूच शकला नाही. पण त्याआधी त्याने त्याच्यावर जीव टाकणाऱ्या सगळ्यांना झिडकारलं होतं, हा भाग लोक विसरतात. एकदा एक गृहस्थ बायकोसोबत आले होते. दिसायला साधे, कपडे चुरगळलेले. मुलीच्या बारशाला फोटोग्राफरने बाळाचेच जास्त फोटो काढले म्हणून ते दोन दिवस अबोला धरून बसले होते. बायको म्हणाली, "आमच्या घरात भिंतीवर आरसा नाही मॅडम, आम्हीच सगळे यांचे आरसे." दुसऱ्याचं दुःख, दुसऱ्याचा आनंद आत शिरतच नसेल, सगळं फिरून 'माझं कौतुक' इथेच येत असेल, तर तो शब्द वापरायचा विचार करावा. तोही निदान करणाऱ्याने. हल्ली तो भाजीच्या पिशवीसारखा कुणीही घेऊन फिरतं.

उठता उठता बाई म्हणाल्या, "हिच्यापेक्षा पोरगा शहाणा बघा. आरशाकडे ढुंकून बघत नाही. मोरीतला आरसासुद्धा त्यानंच काढायला लावला."

आणि हे वाक्य मी सोडून दिलं. माझी चूक. 'बरं आहे' असं काहीतरी म्हणून पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तीन आठवड्यांनी बाई आजीच्या झोपेच्या तक्रारीसाठी आल्या तेव्हा मी पाणी प्यायला बाहेर गेले. मे महिना. मुलगा त्याच बाकावर, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. कोरोना जाऊन किती दिवस झाले! मोबाईल समोर धरलेला. मला वाटलं व्हिडिओ बघतोय. समोरचा कॅमेरा चालू होता. मास्क खाली, क्लिक, मास्क वर. फोटो मोठा करून बघितला, पुसला. पुन्हा मास्क खाली.

"धुळीची अ‍ॅलर्जी आहे त्याला," बाई म्हणाल्या.

त्याला एकट्याला आत बसवून बोलतं करायला दोन भेटी गेल्या. वय 18, डिप्लोमाचं दुसरं वर्ष. नाक वाकडं आहे, असं त्याचं म्हणणं. मला ते सरळ दिसत होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दिसलं होतं. दिवसाला साठ-सत्तर फोटो. वर्गात भिंतीकडेचा बाक, म्हणजे एकच बाजू दिसते. तोंडी परीक्षेला मास्क काढायला सांगतील म्हणून गेलाच नव्हता. आईला वाटत होतं विषय अवघड गेला. ऑपरेशनसाठी तो पैसे साठवत होता. दिवसातला किती वेळ नाकात जातो, विचारल्यावर म्हणाला, "झोपेत नाही जात."

याला बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरांनी 1891 मध्येच असे रुग्ण नोंदवले होते, म्हणजे सेल्फीच्या कितीतरी आधी. दिसण्यातलं एखादं व्यंग, जे इतरांना दिसत नाही किंवा जेमतेम दिसतं, ते माणसाला दिवसाचे तास न् तास छळतं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या वर्गीकरणात हा आजार मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या कुटुंबात आहे, आणि ते पटतं. हात धुणारा हात धुतो, हा नाक तपासतो. क्षणभर बरं वाटतं आणि शंका दुप्पट होऊन परत येते. आरसा टाळणं ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. बाहेरच्याला यात गर्व दिसतो. आत निव्वळ लाज असते.

ऑपरेशनने यात क्वचितच समाधान होतं. नाक बदललं तरी तपासणारा तोच राहतो. आणि या आजारात जीव द्यायचे विचार येण्याचं प्रमाण बरंच असतं, म्हणून मी ते सरळ विचारते, आडून नाही. त्याला ते विचार येऊन गेले होते. त्याच दिवशी आईला आत बोलावलं, मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये टाकला.

औषधं तिकडे सुरू झाली, माझ्याकडे सराव. पहिल्यांदा कॅमेऱ्याचा हिशेब. मोबाईल 30 सेंटिमीटरवर धरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण 30 टक्के रुंद दिसतं, हे 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवलं आहे. डिप्लोमाचा मुलगा, त्याने आकृती काढून स्वतः पडताळलं. पटलं. पण फोटो काढायचे थांबले नाहीत. पटण्याने हा आजार जात नाही, गेला असता तर माझं काम फार सोपं झालं असतं.

मग मास्कशिवाय पायऱ्या. आधी दारातल्या नळापर्यंत. मग वडापावच्या गाड्यापर्यंत, आणि तिथे दहा मिनिटं उभं राहायचं. घरी येऊन आरसा नाही, फोटो नाही. जीव कासावीस होतो तो होऊ द्यायचा. तो आपोआप उतरतो, हे अंगाने शिकायचं. जाण्याआधी त्याने लिहिलं होतं, 'सगळे बघतील.' आल्यावर लिहिलं, 'गाडीवाल्याने बघितलं. सुट्टे मागितले.'

सगळ्यात अवघड काम बाईंचं होतं. दिवसातून वीसेक वेळा तो विचारायचा, "आई, नाक बघ ना, वाकडं आहे का?" आणि त्या वीस वेळा म्हणायच्या, "नाही रे सोन्या, छान आहे." मी सांगितलं, हे उत्तर बंद. त्याऐवजी म्हणायचं, 'तुला आत्ता त्रास होतोय ते कळतंय, पण नाकाचं उत्तर मी देणार नाही.' बाई रडल्या. "पोराला छान म्हणू नको, असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच." पहिल्या आठवड्यात त्यांनी चारदा नियम मोडला आणि चारही वेळा प्रामाणिकपणे फोन करून सांगितलं.

आठ महिने झाले. वाईट दिवस अजून येतात. दिवाळीत घरात पाहुणे आले तेव्हा तो दोन दिवस माळ्यावर होता. तोंडी परीक्षा मात्र दिली. मोरीतला आरसा परत लागलाय, दाढीपुरता.

मागच्या रविवारी बाईंचा फोन. ताईच्या साखरपुड्याची गडबड मागे ऐकू येत होती.

"मॅडम, तो आत्ता ट्रायलच्या आरशासमोर उभा आहे. विचारतोय, शर्ट कसा दिसतोय. याचं उत्तर द्यायचं की नाही?"

मी म्हटलं, "द्या की. शर्टाचं द्या."

"मग सांगते बाई. खांद्यावर इस्त्रीने जाळलाय त्याने."