१९७३ चा जॉर्ज फोरमन आणि १९८८ चा माइक टायसन हे दोन हेवीवेट बॉक्सर भिडले असते तर कोण जिंकलं असतं?

माझ्या मते फोरमन, आणि तेही पहिल्या तीन-चार फेऱ्यांतच. कारण शैली. २२ जानेवारी १९७३ ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये त्याने तेव्हाचा जगज्जेता जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. ती लढत नीट बघा: फ्रेझर वाकून, डोकं हलवत आत शिरायचा, तेवढ्यात फोरमन दोन्ही तळव्यांनी त्याला मागे ढकलायचा आणि अंतर मिळताच उजव्या हाताचा अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, हाणायचा. पुढे वाकून येणाऱ्याला तो ठोसा थेट हनुवटीवर बसतो. टायसनही आखूड हातांचा आणि आत घुसूनच मारणारा, म्हणजे त्याला नेमकं त्याच पट्ट्यातून जावं लागलं असतं.

पण टायसन म्हणजे फ्रेझर नव्हे, हे विसरू नका. फ्रेझर तापायला वेळ घ्यायचा, तर टायसनने १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. त्याचे हातही कितीतरी वेगवान. शिवाय फोरमन लवकर दमायचा. १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला मुहम्मद अलीने त्याला थकवून आठव्या फेरीत लोळवलं. त्यामुळे लढत पाचव्या फेरीपुढे गेली, तर मी टायसनच्या बाजूने.