पहिली-दुसरीच्या मुलांना जुन्या, परिचित गोष्टींतून वाचन-लेखन कसे शिकवावे?

आपण विचारले आहे की, आपल्या दुसरीच्या वर्गातील मुले चिऊ-काऊची किंवा म्हातारी-भोपळ्याची गोष्ट पुस्तक हातात धरून घडाघडा म्हणतात, पण त्याच गोष्टीतला एखादा शब्द फळ्यावर सुटा लिहिला की गप्प बसतात. मग या गोष्टींचा वाचन-लेखनासाठी खरोखर उपयोग होतो, की त्या शनिवारच्या करमणुकीपुरत्याच ठेवाव्यात? मी अनेक वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली आणि दुसरीचे वर्ग सांभाळले आहेत, त्यामुळे आपली अडचण मला चांगली ठाऊक आहे. उपयोग निश्चित होतो. किंबहुना सुरुवातीच्या वाचनासाठी याहून चांगला मजकूर मला आजवर मिळालेला नाही. मात्र गोष्ट सांगितली म्हणजे अक्षरे आपोआप येतील, अशी आशा धरू नये. अक्षरे आणि स्वरचिन्हे क्रमाने, नेमाने शिकवावीच लागतात, आणि मुलाला ती शिकावीशी वाटण्याचे कारण गोष्ट पुरवते. वर्गात एका तासाला बाराखडी आणि दुसऱ्या तासाला गोष्ट असे चालले, आणि या दोन्हींची कधी गाठच पडली नाही, तर आपण वर्णन केली आहे तशी स्थिती उद्भवते.

मुले गोष्ट पाठ म्हणतात याची चिंता प्रथम मनातून काढून टाका. पाठ असलेली गोष्ट ही वाचनाची उत्तम पूर्वतयारी आहे, कारण पुढचे वाक्य काय येणार हे ठाऊक असलेल्या मुलाला आपले सगळे लक्ष छापील अक्षरांकडे देता येते. म्हणून गोष्ट आधी पुस्तकाशिवाय, तोंडी सांगावी, आणि शक्य तिथे मुलांच्या घरच्या बोलीत सांगावी. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, पालघरकडे वारली बोलणारी मुले पहिलीत येतात तेव्हा पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठी ही त्यांच्यासाठी जवळजवळ नवी भाषा असते. गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांत कोकणी बोलणाऱ्या घरांतून मुले येतात, तिथेही थोड्याफार फरकाने असेच घडते. अशा मुलांच्या मनात गोष्टीचा अर्थ घरच्या शब्दांतून आधी पक्का झाला, की प्रमाण भाषेतील वाक्य त्याच अर्थावर बसवता येते. आपल्याला ती बोली येत नसेल तर एखाद्या मुलाच्या आजीला वर्गात बोलवावे. कथनाची हातोटी असणारी आजी जवळजवळ प्रत्येक गावात सापडते, आणि शाळेने मानाने बोलावले की ती आनंदाने येते.

यानंतर गोष्टीची निवड येते आणि इथे शिक्षकाने थोडे बारकाईने पाहावे, असे मला वाटते. आपण सहसा गोष्ट किती रंजक आहे एवढेच पाहतो, पण तिच्यात कोणती अक्षरे आणि कोणती जोडाक्षरे येतात हेही पाहायला हवे. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' ही ओळ मुलांना कितीही आवडत असली, तरी तीत 'ळ्या' आहे, आणि 'म्हातारी' या शब्दाची सुरुवातच जोडाक्षराने होते. म्हणून ती गोष्ट पहिलीच्या प्रारंभी ऐकण्यापुरती ठेवावी आणि वाचायला दुसरीत घ्यावी. याउलट 'चिऊताई, दार उघड' या वाक्यात एकही जोडाक्षर नाही. पहिली वेलांटी, काना आणि मोजकी अक्षरे एवढ्या भांडवलावर मुलाला एक पूर्ण, अर्थपूर्ण आणि त्याच्या आवडीचे वाक्य वाचता येते. 'घर', 'दार', 'बाळ', 'थांब', 'पाऊस' हे याच गोष्टीतले शब्द असेच सोपे आहेत. काही आठवड्यांचे अक्षरांचे नियोजन या शब्दांना धरून केले, तर अक्षर शिकले आणि लगेच गोष्टीत भेटले, असा आनंद मुलांना मिळत राहतो.

गोष्टीमुळे आणखी एक अडचण दूर होते, आणि तिच्याकडे शिक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. मराठीत आपण 'घर' लिहितो ते दोन पूर्ण अक्षरांनी, पण उच्चारताना शेवटच्या 'र'मधला 'अ' जवळजवळ गळून जातो. अक्षरे सुटी शिकलेले मूल 'घ… र…' असे दोन्ही अक्षरांवर सारखाच जोर देऊन म्हणते, आणि आपण म्हटले ते म्हणजेच आपले रोजचे 'घर', हे त्याच्या कानाला कळत नाही. 'उघड' या शब्दाची तऱ्हा हीच. मात्र 'काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे' हे त्याच्या कानांत बसलेले असेल, तर 'घ… र…' म्हणता म्हणता ते एकदम थांबते आणि 'घर!' असे ओरडते. वाचन म्हणजे काय हे मुलाला कळण्याचा तो क्षण असतो, आणि सुट्या शब्दांच्या तक्त्यांतून तो इतक्या सहजपणे येत नाही.

आता आपल्या मूळ अडचणीकडे येतो, म्हणजे मूल खरोखर वाचते आहे की पाठ म्हणते आहे, हे ओळखावे कसे आणि पाठांतराकडून वाचनाकडे त्याला न्यावे कसे. पहिली खूण बोटाची आहे. गोष्टीतली चार-पाच वाक्ये मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून भिंतीला लावावीत आणि मुलाला प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून म्हणायला सांगावे. पाठ म्हणणाऱ्या मुलाचे बोट तोंडाच्या मागे राहते किंवा पुढे पळते, वाक्य संपते तेव्हा बोट ओळीच्या मध्येच असते. त्याला रागवू नये, पुन्हा सावकाश म्हणू द्यावे. बोट आणि शब्द जुळले नाहीत हे काही दिवसांत त्याचे त्यालाच खटकू लागते. त्यानंतर तीच वाक्ये पट्ट्यांवर लिहून, पट्ट्या विस्कटून, गोष्टीच्या क्रमाने लावायला द्याव्यात, आणि पुढे एकेका वाक्याचे शब्द कापून वाक्य पुन्हा जुळवायला लावावे. शब्द कापले गेले की पाठांतराचा आधार सुटतो आणि 'दार' व 'बाळ' यांत फरक कोणता, हे अक्षरांकडे पाहूनच ठरवावे लागते.

माझ्या वर्गात सर्वांत जास्त उपयोग झाला तो 'चुकलेल्या गोष्टीचा'. मुलांना पाठ असलेली गोष्ट मी फळ्यावर लिहीत असे, मात्र अधूनमधून एखादा शब्द मुद्दाम बदलत असे. 'चिऊताई, दार उघड'ऐवजी 'चिऊताई, डबा उघड', 'काऊचे घर शेणाचे'ऐवजी 'काऊचे घर सोन्याचे' असे लिहून मी वर्गाला एवढेच सांगे की, आज फळ्यावर गोष्ट जरा चुकली आहे, कुठे ते शोधा. पाठ म्हणणारी मुले पहिल्या खेपेला त्या शब्दावरून सरळ पुढे जात, आणि मग कोणीतरी एकजण 'गुरुजी, इथे डबा आहे!' असे म्हणून उठला की सगळा वर्ग फळ्याकडे डोळे लावून एकेक अक्षर तपासू लागे. कोणते मूल वाचते आहे आणि कोणते आठवणीवर चालले आहे, हे यातून परीक्षा न घेता कळते, आणि मुलांना हा खेळ वाटतो. बदललेला शब्द मात्र मुलांनी शिकलेल्या अक्षरांतलाच असावा, आणि आधी अगदी वेगळा, मग हळूहळू मूळ शब्दासारखाच दिसणारा निवडावा. 'दार'च्या जागी 'डबा' सहज सापडतो, 'दारू' किंवा 'तार' सापडायला खरे वाचन यावे लागते.

लेखनाची वाट याच गोष्टीतून निघते. चिऊ-काऊच्या गोष्टीत 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते', 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' अशी वाक्ये एकाच साच्यातून येतात आणि प्रत्येक वेळी केवळ शेवटचा भाग बदलतो. तो भाग रिकामा ठेवून मुलांना विचारावे की, तुमच्या घरची चिऊ काय म्हणेल? आधी मुलांनी सांगावे आणि शिक्षकाने त्यांच्यासमोर, मोठ्याने म्हणत, जसेच्या तसे लिहावे. बोललेले शब्द लिहिता येतात आणि लिहिलेले पुन्हा वाचता येतात, ही गोष्ट डोळ्यांनी पाहणे मुलांसाठी फार महत्त्वाचे असते. मग प्रत्येकाने आपली एक ओळ स्वतः लिहावी. 'थांब, पाण्याचा टँकर आला आहे', 'थांब, बाळाला डोस पाजायचा आहे' अशा ओळी मुले लिहितात. या ओळी एकत्र शिवल्या की वर्गाचे स्वतःचे पुस्तक तयार होते, आणि माझा अनुभव असा आहे की वाचनकोपऱ्यातील सर्व पुस्तकांत तेच आधी फाटते.

हे लेखन तपासताना लाल पेन बाजूला ठेवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मूल 'मातारी', 'भोपला', 'थाब', 'पानी' असे लिहिते तेव्हा ते ऐकलेल्या ध्वनीला अक्षर शोधत असते, आणि या वयात लेखनाचे मुख्य काम हेच आहे. खानदेश-वऱ्हाडात 'डोळा'चा 'डोया' होतो, अनेक घरांत 'ण'चा उच्चार 'न' होतो. त्या मुलाने 'ळ' किंवा 'ण' चुकवला तर तो निष्काळजीपणा मानू नये. 'थांब' मधला अनुस्वार तर पुष्कळ मुलांकडून सुटतो, कारण त्याचा उच्चार पुढच्या 'ब'ला चिकटून होतो आणि वेगळा ऐकू येत नाही. आठवड्याला एकच बाब निवडावी, उदाहरणार्थ अनुस्वार, आणि दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात तो मुद्दाम अनेकदा आणून मुलांकडून शोधून घ्यावा. ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांत पहिलीत शिरूच नये. दुसरीच्या अखेरीस 'शब्दाच्या शेवटची वेलांटी आणि उकार दीर्घ' एवढा एकच नियम सांगावा आणि गोष्टीत पावलोपावली येणारा 'आणि' हा त्याचा अपवाद दाखवून द्यावा.

जुन्या गोष्टींच्या शेवटी तात्पर्य सांगण्याची प्रथा मला वाचनाच्या दृष्टीने घातक वाटते. ती प्रथा जुनी आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी यांच्या छापखान्यात 1806 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, म्हणजे छापील मराठीच्या अगदी आरंभापासून मुलांची गोष्ट आणि बोध यांची जोडी आहे. पण 'या गोष्टीतून काय शिकलात?' असे विचारले की मुले विचार करणे सोडून शिक्षकाला काय हवे आहे ते शोधू लागतात. त्याऐवजी खरा प्रश्न विचारावा. पावसात भिजणाऱ्या काऊला चिऊने इतका वेळ दाराबाहेर उभे केले, हे बरोबर होते का? या प्रश्नावर माझ्या वर्गात हमरीतुमरी झालेली आहे. बाळ लहान होते म्हणून चिऊचे बरोबर, असे म्हणणारी मुले आणि दार उघडून मग बाळाला अंघोळ घालायला काय हरकत होती, असे म्हणणारी मुले, असे दोन तट पडले, आणि आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी दोन्ही बाजू पुन्हा पुस्तकात घुसल्या. आकलनासाठी वाचन म्हणतात ते हेच. त्यानंतर 'काऊने चिऊला चिठ्ठी लिहिली' असा विषय दिला, तर दुसरीचे मूल चार ओळी लिहिल्याशिवाय राहत नाही, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखे काहीतरी असते.

परिचित गोष्टींवर किती काळ राहावे, याबद्दलही एक सूचना करतो. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, असे लक्ष्य आहे. पाठ असलेल्या गोष्टीवर घड्याळ लावले तर कोणतेही मूल हे लक्ष्य सहज ओलांडेल आणि आपली फसगत होईल. वेग पाहायचा तो न वाचलेल्या मजकुरावर. म्हणून पट्ट्या आणि चुकलेली गोष्ट जमू लागली, की तीच पात्रे असलेली पण नवी गोष्ट आपण स्वतः लिहून द्यावी. म्हातारी परत लेकीकडे निघाली, या वेळी वाटेत नदीला पूर आला होता, अशी सहा-सात वाक्ये पुरेशी होतात. त्यातून सरावलेल्या मुलांना 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर' संकेतस्थळावरील मराठी गोष्टी द्याव्यात. त्या विनामूल्य आहेत, छापून घेता येतात आणि त्यांना वाचनाच्या पातळ्या दिलेल्या आहेत. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही विनामूल्य उपलब्ध आहेत, पण ते तिसरी-चौथीच्या पुढे.

आपल्या वर्गातील जी मुले अजून सुट्या शब्दावर गप्प बसतात, त्यांच्यासाठी सोमवारपासून एवढेच करून पाहावे: दिवसातला पहिला अर्धा तास चिऊ-काऊच्या चार वाक्यांना द्यावा, त्यांतली कोणती अक्षरे कोणत्या मुलाला येत नाहीत याची वहीत नावानिशी नोंद करावी, आणि ती अक्षरे त्याच दिवशी, त्याच वाक्यांतून, त्या मुलांना जवळ बसवून शिकवावीत. साधारण पंधरवड्याने फळ्यावर चुकलेली गोष्ट लिहावी. त्या दिवशी कोणी काय शोधले, हे येथे कळवलेत तर पुढच्या अक्षरांसाठी कोणती गोष्ट घ्यावी, हे आपण मिळून ठरवू.